चोवीस धुणी

लॉन्ड्रीत तिला सगळे डागताई म्हणत. धुणारे पाच जण होते, इस्त्रीवाले तीन, पण डाग काढणारी ती एकटी. शाई, गंज, तेल, लहान मुलांनी ओकलेलं औषध, एखाद्या साहेबांच्या कॉलरवरची लिपस्टिक (यावर ती तोंडाने काही विचारत नसे, पण भुवया विचारायच्या), सगळं तिच्या टेबलावर यायचं आणि तिथेच संपायचं. छत्तीस वर्षांत तिने हात टेकले असे डाग चार-पाचच असतील. त्यातल्या प्रत्येकाचा कपडा आणि गिऱ्हाइकाचं पडलेलं तोंड तिला अजून आठवत होतं.

तिचा एक नियम होता आणि नव्याने कामावर येणाऱ्या प्रत्येकाला तो कानीकपाळी ओरडून सांगून झाला होता. आधी आतली शिवण. कुठलंही औषध कपड्यावर घालायच्या आधी आतल्या शिवणीवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी थेंबभर लावायचं. दहा मिनिटं थांबायचं. कपडा काय म्हणतो ते ऐकायचं आणि मगच पुढे जायचं.

अशी ही बाई एका गुरुवारी संध्याकाळी आरशासमोर उभी राहिली आणि कमरेपर्यंतचे आपले पांढरेशुभ्र केस, एक बटसुद्धा वेगळी काढून न बघता, मुळापासून टोकापर्यंत गडद तपकिरी करून मोकळी झाली.

कारण सांगायलाही लाज वाटावी असं होतं. त्या दिवशी दुपारी ती आणि मालकीणबाई काउंटरवर उभ्या होत्या. मालकीणबाई तिच्याहून सहा वर्षांनी मोठ्या, पण महिन्याच्या महिन्याला पार्लरमध्ये जाऊन काळ्याभोर होऊन येणाऱ्या. एक गिऱ्हाईक आपला कोट उलटसुलट बघत होतं. कोटावरचा कॉफीचा डाग कुठे होता तेही त्याला सापडेना. तो खूश होऊन मालकीणबाईंना म्हणाला, "तुमच्या आईंच्या हातात जादू आहे हं!"

मालकीणबाई हसल्या. नुसत्या हसल्या असत्या तरी चाललं असतं. त्या म्हणाल्या, "हो ना."

त्या 'हो ना'ने डागताईच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जाताना तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगाचं खोकं घेतलं. तिच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं टेबल घरातच खिडकीशी होतं. डोळ्यातलं भिंग न काढता त्याने तिच्याकडे पाहिलं आणि "बरे दिसतायत," म्हणाला. भिंगातून त्याला तिचा फक्त एक कान दिसला असणार.

सोमवारी धाकट्या बहिणीचा फोन आला.

ही धाकटी बहीण, घरातली छोटी, आता अठ्ठावन्न वर्षांची होती आणि दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवायची. गेलं वर्ष तिने दवाखान्यात काढलं होतं. आजार गेला, पण औषधांनी जाताना डोक्यावरचे सगळे केस नेले. तेही पांढरेच होते, दोघी बहिणींचे अगदी एकाच गाठोड्यातून काढल्यासारखे, लांब आणि दाट. छोटी त्यांचा मोठा अंबाडा घालायची आणि फळ्यावर लिहिताना खडू त्यात खोचून ठेवायची. पोरं त्या अंबाड्याला खडूची पेटी म्हणत. आता तिथे कापसासारखं थोडं काही उगवलं होतं, आणि दोन महिन्यांत शाळा उघडणार होती.

"ताई, मी विग बघून आले," छोटी म्हणाली. "तुझ्याच गावातले ते काका, नाटकवाल्यांचे विग करतात ते. परवा येऊन माप देऊन लगेच परतले, तुझ्याकडे यायला वेळच नव्हता. तयार विग घालून बघितला. नायलॉनचा. पोरं म्हणतील बाईंच्या जागी बाहुली आली."

"मग खऱ्या केसांचा घे."

"कुणाचे आहेत ते माहीत नसलेले केस मी डोक्यावर वागवू?" छोटी म्हणाली. "ताई, तुझे देशील?"

डागताईने विचार केलाच नाही. "घे की! त्यात विचारायचं काय? खांद्यापर्यंत ठेवते मला, बाकीचे सगळे तुझे."

फोनवर काही क्षण नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. छोटी आजारपणात एकदाही रडली नव्हती. मग ती म्हणाली, "काकांची एकच अट आहे. केसांना रंग लागलेला नको. पण तू तर जन्मात कधी रंगवले नाहीस."

"छे," डागताई म्हणाली.

एवढंसं ते 'छे'. तोंडातून सुटलं आणि मग कितीही हात पुढे केला तरी परत येईना. फोन ठेवल्यावर तिने भिंतीवरच्या आरशात पाहिलं. आरशात एक तपकिरी केसांची खोटारडी बाई उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती विगवाल्या काकांकडे गेली. अरुंद जिन्यावरची खोली, भिंतीला लागून लाकडी मुंडक्यांची रांग, कुणाला कुरळे केस, कुणाला अर्धेच. काका खिडकीत बसून बारीक जाळीतून आकड्याने एकेक केस ओढून गाठ मारत होते. डागताईला त्यांचे हात पाहून बरं वाटलं. हा माणूस घाई करणारा नव्हता. तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि सगळं सांगून टाकलं. बहिणीला जे सांगता आलं नाही ते परक्याला सांगताना काही अडलं नाही.

काकांनी एक बट उजेडात धरली. "कधी लावलाय?"

"पाच दिवस झाले. खोक्यावर लिहिलंय, चोवीस वेळा केस धुवेपर्यंत टिकतो."

"म्हणजे वरवरचा आहे. आत मुरणारा असता तर सरळ घरी पाठवलं असतं तुम्हाला." त्यांनी बट सोडली. "ब्लीच करायचं नाही, पार्लरवाल्यांनी कितीही सांगितलं तरी. ब्लीचचा केस आकड्यात ओढला की तुटतो. मला कामाला सहा आठवडे लागतात. शाळेचा दिवस धरून मागे मोजलं तर तुमच्याकडे बारा दिवस आहेत. बाराव्या दिवशी केस पांढरे आणि मजबूत असले तर करतो. नाहीतर तुमच्या बहिणीला नायलॉनचा."

चोवीस धुणी, बारा दिवस. डागताईने जिन्यातच हिशेब केला. रोज दोन. सकाळी कामाच्या आधी, संध्याकाळी कामानंतर. खोक्यावरच्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण डागाच्या बाबतीत तिचा स्वतःवर होता.

त्या संध्याकाळी मात्र तिने आधी आतली शिवण शोधली. मानेवर, केसांच्या अगदी खालच्या थरात, तिने चार बारीक बटा वेगळ्या केल्या, मुळाशी निरनिराळ्या रंगांचे दोरे बांधले आणि नवऱ्याला कात्री दिली.

"काप."

"अगं, तू केस वाचवायला निघालीयेस ना?"

"चार बटांनी काही होत नाही. काप म्हटलं की काप."

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार वाट्या मांडल्या. एकीत भांडी घासायचा साबण आणि खायचा सोडा. दुसरीत व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून शाम्पूत कालवलेल्या. तिसरीत नुसतं कोमट तेल. चौथीत धुण्याचा सोडा आणि कडकडीत पाणी. हे चौथं तिचं लाडकं औषध. सुती चादरीवरचा कसलाही हट्टी रंग त्याने हटायचा, आणि तिला मनातून खात्री होती की यानेच काम होणार. घाई तिलाही होतीच.

नवरा घड्याळ घेऊन शेजारी बसला. गिऱ्हाइकांच्या दुरुस्त झालेल्या घड्याळांपैकी एक त्याने मुद्दाम आणलं होतं. "याची चाल तपासून होईल," तो म्हणाला, "आणि तुझ्या डोक्याचीही."

अर्ध्या तासाने चौथ्या वाटीतली बट सगळ्यांत फिकी निघाली. डागताईने विजयी मुद्रेने ती उचलली, अंगठ्याला गुंडाळली आणि ओढली. लॉन्ड्रीत दोऱ्याची ताकद ती अशीच बघायची. बट तटकन तुटली. उरलेली बोटांना राठ लागली, धुण्यात आटून गेलेल्या स्वेटरसारखी.

ती तुटकी बट हातात घेऊन खुर्चीत बसली. छत्तीस वर्षं लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढले आणि डोक्यावर काय उगवतं एवढं कळू नये? केस म्हणजे लोकर. मेंढीच्या अंगावरची काय आणि माणसाच्या डोक्यावरची काय, जात एकच. लोकरीला कडक पाणी चालत नाही, सोडा चालत नाही, चोळणं तर मुळीच नाही. हे तिने शंभर जणांना शिकवलं होतं. स्वतःच्या डोक्याची वेळ आली तेव्हा ती त्याला चादरीसारखं वागवायला निघाली होती.

"चार बटांनी काही होत नाही," नवरा हळूच म्हणाला. ती हसली नाही, पण राग मात्र उतरला.

साबण-सोड्याच्या बटेचा रंग बराच गेला होता, पण तीही खरखरीत झाली होती. तेलाने रंग तसाच ठेवला, केस मात्र मऊ केला. व्हिटॅमिन सीवाली बट थोडीशीच फिकी झाली होती, आणि ओढली तर तारेसारखी मजबूत. डागताईने सोड्याचे दोन्ही डबे उचलून वरच्या फळीवर ठेवून दिले, हाताला सहज लागणार नाहीत असे.

पहिलं धुणं त्याच रात्री झालं आणि मग रोजचा क्रम बसला. आधी ओल्या केसांना गोळ्या-शाम्पूचा लेप, वर प्लास्टिकची टोपी, पाऊण तास. मग कोमट पाण्याने धुणं, न चोळता, नुसतं दाबत दाबत. शेवटी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून एकदा खळबळणं, आणि टोकांना तेलाचं बोट. कमरेएवढे केस एकटीला आवरेनात, म्हणून नवरा मोरीत स्टूल टाकून मागे बसायचा. घड्याळाच्या काट्यांना लावायचे ते हात तो तिच्या केसांना लावायचा. प्रत्येक धुण्यानंतर मोरीच्या दारावर खडूची एक रेघ पडत होती.

पहिल्या दिवशी पाणी गढूळ चहासारखं वाहिलं तेव्हा दोघांना इतका आनंद झाला की जणू घरात कुणी पास झालं होतं. तिसऱ्या दिवशी पाणी फिकं झालं, केस तसेच. पाचव्या दिवशी ते तांबूस झाले आणि लॉन्ड्रीतला इस्त्रीवाला म्हणाला, "डागताई, रोज नवा रंग! फॅशन करताय काय?"

"तुझ्या शर्टावर करू का?" तिने विचारलं. पुन्हा कुणी विचारलं नाही.

सातव्या दिवशी टाळू चुरचुरायला लागली. कानामागे लाल झालं. नवरा म्हणाला, एक दिवस सोड. तिने लेप मुळांपासून दोन बोटं खाली लावायला सुरुवात केली, टाळूला तेल चोपडलं आणि दारावरची रेघ काही चुकू दिली नाही. औषधांच्या दुकानदाराने तिला तिसऱ्यांदा गोळ्यांच्या बाटल्या देताना काळजीने विचारलं, "एवढी सर्दी?" ती म्हणाली, "खानदानी आहे."

छोटीचे फोन येत होते. तिला व्हिडिओवर बोलायला आवडायचं.

"ताई, तुझ्या डोक्याला कायम टॉवेल कसा?"

"तुला देताना स्वच्छ नको का?"

"रोज?"

"मी लॉन्ड्रीत काम करते, छोटे. मला शिकवू नकोस."

छोटी हसायची, पण पूर्वीसारखी मोकळी नाही. डागताईला वाटायचं, तिला संशय आला. दर वेळी ती ठरवायची की आज सांगून टाकू. मग पडद्यावर ते कापसासारखं डोकं दिसायचं आणि ती दुसरंच काही विचारायची. आधी डाग जाऊ दे, मग सांगू. डाग निघाल्यावर सांगणं सोपं असतं, हे तिला धंद्यातून ठाऊक होतं.

दहाव्या दिवशी केस उन्हात धरल्यावर पिवळसर दिसले, अकराव्याला कच्च्या लोकरीसारखे. बाराव्या दिवशी सकाळी दारावर चोविसावी रेघ पडली. नवऱ्याने केस पुसले, विंचरले आणि तिला खिडकीत उभं केलं. मुळांपासून कमरेच्या वर एका वितीपर्यंत केस पांढरे होते, शुभ्र, तिचे. शेवटची वीत मात्र फिक्या चहाच्या रंगाची होती. टोकं जुनी, कोरडी. त्यांनीच सगळ्यांत जास्त रंग पिऊन घेतला होता आणि त्यांनीच तो सोडला नव्हता.

"कळणार नाही," नवरा म्हणाला.

"मला कळतंय," ती म्हणाली आणि रुमाल बांधला.

विगवाल्या काकांनी केस अंगठ्याला गुंडाळून ओढले. तिने ओढले असते अगदी तसेच. मान डोलावली. "मजबूत आहेत. कसे काढलेत मला नंतर लिहून द्या." मग त्यांनी टोकं उजेडात धरली. "ही वीत कापावी लागेल. नाटकात चाललं असतं, दिव्यांत काही दिसत नाही. शाळेच्या उजेडात दिसेल. आणि वीत गेली तर अंबाडा बसत नाही. मानेपर्यंतचा करून देतो, छान दिसेल."

डागताईच्या डोळ्यांसमोर फळ्यापाशी उभी असलेली छोटी आली, लिहिता लिहिता खडू खोचायला हात मागे नेणारी. तो हात मोकळाच परत येणारी.

"खालची वीत कापली," तिने विचारलं, "आणि वरून एक वीत जास्त दिली तर?"

"वर कुठे आहे वीत? खांद्यापर्यंत तुम्हाला ठेवायचे आहेत ना?"

"मला नाही ठेवायचे. मुळापासून काढा."

काकांनी चष्मा वर केला. "बाई, डोक्याला मशीन लावावं लागेल. नीट विचार करा."

"काका, विचार न करता मी एकदा गुरुवारी केस रंगवले. आज विचार करून सांगतेय."

मशीन गरम होतं आणि मानेवर गुदगुल्या करत होतं. ती समोरच्या लाकडी मुंडक्यांकडे बघत ताठ बसली. शेवटी उठली तेव्हा त्यांच्यात आणि तिच्यात फारसा फरक उरला नव्हता. तिने टेबलावर पडलेल्या त्या पांढऱ्या जुडीवरून एकदा हात फिरवला. घरी पोचल्यावर मोरीचं दार बघितलं, चोवीस रेघा, आणि मग ती स्टुलावर बसून खूप रडली. नवरा शेजारी उभा राहिला आणि त्या दिवशी त्याने घड्याळ बघितलं नाही.

लॉन्ड्रीत मालकीणबाई म्हणाल्या, "अगं बाई, हे काय?" ती म्हणाली, "आता मी तुमची आजी." मालकीणबाई पहिल्यांदाच ओशाळल्या.

सहा आठवडे तिने छोटीशी नुसत्या आवाजाने बोलून काढले. कॅमेरा बिघडला, नेट नाही, हात भरलेत. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी ती विगचा डबा मांडीवर घेऊन बसने बहिणीच्या गावी गेली. डोक्याला घट्ट रुमाल होता. त्याच्या आत पेरभर वाढलेले पांढरे केस ब्रशासारखे उभे होते.

छोटीने दार उघडलं. डब्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर ताईच्या रुमालावर गेली, जिथे काहीतरी फुगीर असायला हवं होतं तिथे सपाट पाहून थांबली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "रोजचा टॉवेल. मग कॅमेराच बंद. तुलाही झालंय ना? कधीपासून लपवतेयस माझ्यापासून? कुठल्या डॉक्टरकडे जातेस?"

डागताईला क्षणभर काही कळेना. मग कळलं. सात-आठ आठवडे ही पोर हे घेऊन जगत होती. डाग झाकण्याच्या नादात तिने दुसरीकडे केवढा मोठा पाडला होता.

"नाही गं! छोटे, नाही!" तिने रुमाल ओढून काढला. "बघ, आहेत! उगवतायत! मला काही झालेलं नाही. मी केस रंगवले होते. मला एक जण मालकीणबाईंची आई म्हणाला म्हणून रंगवले होते, आणि तू मागितलेस तेव्हा तुला खोटं बोलले, आणि मग चोवीस वेळा धुतले!"

छोटी दारातच खाली बसली. आधी ती रडतेय असं वाटलं. मग तिच्या खांद्यांवरून कळलं की हसतेय, आणि मग दोन्ही एकदम सुरू झालं. "रंगवले होते," ती परत परत म्हणत होती. "नुसते रंगवले होते!" तिने ताईच्या पायावर एक जोराची चापट मारली. ती चांगलीच लागली.

आत आरशासमोर डागताईने विग बसवला, कडा दाबल्या, अंबाडा वळला. छोटीने टेबलावरची पेन्सिल घेतली आणि न बघता मागे खोचली. पेन्सिल बसली. दोघी बराच वेळ आरशात बघत राहिल्या.

मग छोटी पुढे वाकली. डाव्या कानापाशी अंबाड्यातून सुटलेला एक केस होता, एकच, टोकाशी फिक्या चहाच्या रंगाचा. टोकं कापताना काकांच्या नजरेतून सुटलेला.

"हा काय?"

डागताईचा हात पर्समधल्या चिमट्याकडे गेलासुद्धा. "डाग आहे. राहिला वाटतं. थांब, आत्ता काढते."

छोटीने तिचं मनगट धरलं.

"त्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "बाकीचे माझे वाटतात. तो तुझा आहे."

डागताईने चिमटा पर्समध्ये परत ठेवला. छत्तीस वर्षांतला तो पहिला डाग होता, जो काढता येत असून तिने राहू दिला.